कारण : चित्र शिकणे

हेडमास्तर देवरे सरांनी रजेचा फॉर्म वाचला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि फॉर्म पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. टेबलासमोर शाळेची शिपाई बयाबाई भोये वाट पाहत होती. सतरा वर्षांत तिने या टेबलावर पत्रं ठेवली, फाइली ठेवल्या, चहाचे कप ठेवले. स्वतःच्या हाताने भरलेला कागद मात्र ती आज पहिल्यांदाच ठेवत होती.

"हे काय लिहिलंय, बयाबाई?"

"कारण लिव्हलंय सर."

"चित्र शिकणे," सरांनी मोठ्याने वाचलं. शेजारच्या टेबलावर क्लार्क संतोष वाघ मान खाली घालून हसला. "कुठे शिकणार? क्लास लावलाय का?"

"नाय सर. घरीच. माझं मी."

"मग ते कारण कसं होईल? कारण म्हणजे लग्न, आजारपण, गावाकडची कामं. तुम्ही 'घरगुती अडचण' लिहा ना. सगळे तेच लिहितात."

"मला घरी काय अडचण नाय सर."

हे ती खरं सांगत होती आणि सरांना ते उद्धटपणाचं वाटलं. सगळे काय लिहितात हे बयाबाईला चांगलं माहीत होतं. रजेची फाइल कपाटातून टेबलावर आणि टेबलावरून कपाटात तीच न्यायची. तिला वाचता येतं ही गोष्ट मात्र शाळेत कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती. त्या फाइलीत संतोषची आजी दोन वर्षांत दोनदा वारली होती. एका सरांची बायको दर दिवाळीनंतर पाय घसरून पडत होती. यातल्या एकाही कागदावर देवरे सरांनी चष्मा पुसला नव्हता.

"आणि तीस दिवस?" सर म्हणाले. "तीस दिवस नुसती चित्रं काढणार? त्याला काही वेळापत्रक वगैरे आहे का?"

सर गंमत करत होते. बयाबाईने ते गंमत म्हणून घेतलं नाही. "आणते," म्हणाली आणि फॉर्म उचलून बाहेर आली.

२००३चा एप्रिल चालू होता. सिंहस्थ तोंडावर आल्याने पंचवटीतले रस्ते उकरून ठेवलेले. बयाबाई घरी निघाली ती खड्डे चुकवत आणि मनातल्या मनात भांडत. मे महिना तिने मुद्दाम निवडला होता. मुलं नसतात, घंटा नसते, दुसरा शिपाई मंगळू एकट्याने भागवू शकतो. तिची कितीतरी रजा साठली होती, तिला ती कशाला लागली नव्हती. आता लागली होती, तर म्हणे कारण बदला.

पेठकडच्या डोंगरातून लग्न होऊन ती नाशकात आली. नवरा याच शाळेत शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं, तेव्हा ती पगारपत्रकावर अंगठा उठवायची. त्र्याण्णव साली वस्तीत साक्षरतेचा वर्ग निघाला. तिथे पहिला आठवडा नुसत्या उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि गोल. मग एकेक अक्षर शंभर शंभर वेळा गिरवायचं. तिच्याबरोबरच्या बायका कंटाळून गेल्या. ही टिकली. बेचाळिसाव्या वर्षी तिने आपलं नाव लिहिलं.

चित्राचं खूळ मात्र शाळेतच लागलं. दरवर्षी ड्रॉइंगच्या परीक्षेला फळ्यासमोर स्टूल मांडून त्यावर वस्तू ठेवायचं काम तिचं. तांब्या, वीट, दोन लिंबं, मागे घडी पाडलेलं फडकं. एका वर्षी पेपर गोळा करताना तिला दिसलं, खिडकी डावीकडे होती, तांब्याची सावली उजवीकडे पडली होती आणि निम्म्या मुलांनी ती डावीकडेच काढली होती. तांब्या समोर होता आणि त्यांनी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ती वस्तू मांडताना थांबून थांबून पाहायला लागली. पाहता येत होतं. हात मात्र चालत नव्हता. अक्षराला हात असाच चालत नव्हता, मग चालला. म्हणजे गिरवावं लागणार. त्याला दिवस लागणार, तेही सलग. शाळा सुटल्यावर वर्ग झाडून घरी जाणाऱ्या बाईला असे दिवस रजा काढल्याशिवाय मिळत नाहीत.

हे तिने आधी ड्रॉइंगच्या गांगुर्डे सरांना सांगून पाहिलं होतं. सर खूश झाले.

"अहो बयाबाई, शिकायचं काय त्यात? तुमच्या रक्तातच आहे ते. ती त्रिकोणाची माणसं काढा, गेरूवर पांढऱ्या रंगाने. बाहेरगावी केवढी मागणी आहे त्याला."

"सर, आम्ही कोकणा जमातीचे. ते वारली लोकांचं. आमच्या घरात कोणी नाय काढलं."

"तेच हो, सगळं एकच."

"आन् मला माणसं त्रिकोणाची नाय दिसत सर. तुमच्या परीक्षेत असतो ना तांब्या, तसा काढायचाय."

गांगुर्डे सर म्हणाले, ते अवघड असतं. मुलांना शिकवताना हे वाक्य ते कधी म्हणाल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

रविवारी तिने वेळापत्रक केलं. उरलेल्या प्रश्नपत्रिकांचे कागद मागून कोरे असतात, त्यातला एक घेतला आणि पट्टीने रकाने आखले. वेळापत्रक म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर एकच वेळापत्रक होतं, शाळेचं. म्हणून तिचेही तास झाले, पस्तीस पस्तीस मिनिटांचे. सकाळी छपराचा पत्रा तापायच्या आत दोन, मग छोटी सुट्टी, मग एक. दुपारी उन्हं कलल्यावर चौथा. पहिला आठवडा रेघा आणि गोल. दुसरा भांडी, सावलीसकट. तिसरा हात. चौथा चेहरा. रविवार बंद. बुधवारी दुपारचा तास गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात, कारण तिथे माणसं एका जागी बसलेली असतात. शेवटचे दोन दिवस उजळणी.

सून रोशनी भाकरी थापता थापता वाकून पाहत होती. "आत्या, यात जेवणाची सुट्टी कुठंय?"

"मोठ्या सुट्टीत."

"आन् मी कोण? तुमची शिपाई का?"

"तू पालक. महिन्यातून एकदा यायचं आन् तक्रार करून जायचं."

रोशनी हसली. तिचा नवरा लखन सातपूरला कंपनीत, पहाटे जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर घरात या दोघीच, आणि दोघींचं बरं जमायचं.

सोमवारी बयाबाईने वेळापत्रक फॉर्मला टाचणीने टाचलं आणि टेबलावर ठेवलं. सर म्हणाले, "ठेवा, बघू." मोठ्या सुट्टीत ती चहा घेऊन गेली, तर तिचा कागद शिक्षकांच्या खोलीत या हातातून त्या हातात फिरत होता. "चौथा आठवडा, चेहरा," कोणीतरी वाचलं आणि सगळे हसले. तिने चहा ठेवला. कप आपटला नाही. पण त्या दिवशी साखर कमी पडली असेल, तर ती चुकून पडली नव्हती.

दोन दिवसांनी संतोषने हाक मारली. "मावशी, झालं तुमचं काम. तीस दिवस मंजूर. इथं सही करा."

त्याने नवीन फॉर्मवर खाली बोट ठेवलं. त्या बोटापाशी बयाबाईने सही केली. वाचायला येऊन दहा वर्षं झाली होती. पण त्याआधीची सगळी वर्षं क्लार्क बोट ठेवायचा आणि ती तिथे अंगठा उठवायची. आनंदात तीच जुनी सवय वर आली. वरच्या ओळी तिने पाहिल्याही नाहीत.

पाच मेला पहिला तास सुरू झाला. तिला घड्याळ लागत नव्हतं. सतरा वर्षं घंटा दिल्यावर पस्तीस मिनिटं अंगातच भिनली होती, बरोबर वेळेला पेन्सिल थांबायची. रेघा ओढून ओढून बोटाला घट्टा पडला.

त्रास झाला तो माणसांचा. रजेवर आहे म्हणजे रिकामी आहे, हे साऱ्या गल्लीने धरलं. शेजारची कमळाबाई कुरडयांचा चीक घोटायला बोलवायला आली.

"माझा दुसरा तास चालू हाय," बयाबाई म्हणाली.

"तास? तू काय मास्तरीण झाली का?"

"नाय, शाळेतली पोरगी झाले. मास्तरीण बी मीच हाय, म्हणून सोडता येत नाय."

कमळाबाई रागावून गेली. दुसऱ्या दिवशी कोणी दळण ठेवून गेलं, कोणी गॅसची गाडी आली की सांग म्हणून गेलं. बयाबाईने वेळापत्रकाची नक्कल करून दाराला चिकटवली. कोणी वाचली नाही. कामाला जाते तेव्हा या बायांना तिची वेळ कळते. घरात बसून काम केलं की वेळ सगळ्यांच्या मालकीची कशी होते, याचा तिला संताप यायचा. त्या संतापात ओढलेल्या रेघा वाकड्या यायच्या आणि मग आणखी संताप यायचा.

तरी दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी तांब्या आला. चाळीस वेळा गिरवलेला तांब्या एकेचाळिसाव्या वेळी कागदावर बसला, पोटाला गोल, बुडाला जड, सावली उजवीकडे. रोशनीने कागद हातात घेतला आणि काही चेष्टा केली नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी बयाबाई गंगेवर बाजारात बसली होती. समोर गोजराबाई नावाची भाजीवाली शेवग्याच्या जुड्या बांधत होती, आणि बयाबाई तिचे हात काढत होती. "नखं नको काढू गं, माती हाय त्यात," गोजराबाई म्हणत होती. तेवढ्यात कापडी पिशवी घेऊन देवरे सर समोर आले.

"अरे, बयाबाई. इकडे कशा? सूनबाई कशी आहे?"

"बरी हाय सर."

"आणि बाळ?"

"कोणतं बाळ?"

सरांची नजर तिच्या चेहऱ्यावरून मांडीवरच्या कागदाकडे गेली, पेन्सिलीकडे गेली, आणि त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे बाळंतपण वगैरे काही नाही. तुम्ही इथे चित्रं काढताय."

"चित्रच काढणार म्हणले होते ना सर."

सर तसेच वळून निघून गेले. शेवगा घ्यायचाही राहिला. बयाबाईला कशाचा कशाला मेळ लागेना.

मेळ लागला गुरुवारी सकाळी. मंगळू दारात आला, एका हातात लिफाफा, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. मंगळूला फारसं काही ठाऊक नव्हतं. लिफाफा हेडसरांचा आणि डबा मालन टीचरचा, एवढंच तो म्हणाला. डबा रोशनीने उघडला. आत डिंकाचे लाडू होते.

"बाळंतिणीला दिलेत," मंगळू म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच कळलं की काहीतरी चुकलंय. तो पाणी न पिता गेला.

लिफाफ्यात मेमो होता. बयाबाईने तो सावकाश, अक्षर न् अक्षर वाचला. आपण सुनेचे बाळंतपण हे खोटे कारण देऊन रजा घेतल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

खरं लिहिलं तर हे चालत नाही म्हणाले. खोटं त्यांनीच लिहिलं. आणि आता खोटं लिहिलं म्हणून तिलाच मेमो. संतोषने सरांना काय सांगितलं असेल ते तिला बसल्या जागी ऐकू आलं: चित्रबित्र काही नाही सर, सुनेचं बाळंतपण आहे, म्हातारी सांगायला लाजते. त्याला वाटलं असेल, मावशीवर उपकार केले.

रोशनी डबा हातात धरून तशीच उभी होती. लग्नाला चार वर्षं झाली होती. दवाखाने झाले होते, गल्लीतल्या बायांचे सल्ले झाले होते. यावर या घरात कोणी बोलत नसे.

"आत्या," ती म्हणाली, "माझ्या नावावर रजा घेतली?"

"मी नाय घेतली पोरी. मी वाचलं नाय. सही केली."

"साऱ्या शाळेला वाटतंय मला पोर झालं."

तिने पेन्सिल बाजूला ठेवली, पेन घेतलं आणि दाराच्या उजेडात बसली. त्या दिवशीचे चारही तास खुलाशात गेले. एवढं लांब तिने जन्मात लिहिलं नव्हतं. दोनदा कच्चं केलं, तिसऱ्यांदा पक्कं.

शुक्रवारी ती शाळेत निघाली तेव्हा रोशनीने चप्पल घातली. लाडूचा डबा तिच्या हातात होता.

"तू कशाला?"

"मालन टीचरचा डबा परत द्यायचाय. त्यांची काय चूक."

ऑफिसात संतोष होता, सर होते. संतोषने रोशनीकडे पाहिलं. "या कोण, मावशी?"

"मीच ती बाळंतीण," रोशनी म्हणाली आणि डबा त्याच्या टेबलावर ठेवला.

संतोष फाइलीत काहीतरी शोधायला लागला. बयाबाईने खुलासा सरांसमोर ठेवला. सरांनी वाचला, आणि या वेळी चष्मा पुसला नाही.

"मा. हेडमास्तर सर, माझ्या सुनेचे बाळंतपण नाही. हे कारण मी लिहिले नाही. मी चित्र शिकायला रजा मागितली होती आणि मी चित्रच शिकत होते. तुम्ही मला गंगेवर पाहिले तेव्हा तिसरा आठवडा, हात, हा विषय चालू होता. वेळापत्रक माझ्या पहिल्या फॉर्मला टाचले आहे. दुसऱ्या फॉर्मवर सही माझी आहे. न वाचता केली ही माझी चूक. बाकीची चूक माझी नाही. बयाबाई सोमा भोये, शिपाई."

सरांनी संतोषकडे पाहिलं. संतोषने कपाटाकडे पाहिलं. खुलासा फाइलीला लागला तर त्याच्या शेजारी संतोषच्या अक्षरातला फॉर्म राहणार आणि त्यावर सरांची मंजुरीची सही, हे तिघांनाही दिसत होतं.

"ठीक आहे बयाबाई," सर म्हणाले, "गैरसमज झाला. मी मेमो मागे घेतो, तुम्ही हा कागद मागे घ्या. मिटवून टाकू."

"मिटवू नका सर. फॉर्म काढा. तेवढं कारण नीट करा, मग घेते मागे."

"मंजूर झालेल्या फॉर्मवर कारण बदलता येत नाही."

"मंग चित्राचं बाळंतपण कसं झालं?"

रोशनीला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. सरांना मात्र हसू आलं नाही. शेवटी त्यांनी मान हलवली आणि संतोषने फॉर्म काढला. 'सुनेचे बाळंतपण' यावर बयाबाईने एकच आडवी रेघ ओढली. तीन आठवड्यांच्या सरावाची रेघ होती, पट्टी न लावता सरळ गेली. वर तिने लिहिलं, 'चित्र शिकणे'. बाजूला सरांनी सही केली.

"झालं समाधान? आता ऐका. सिंहस्थाच्या बंदोबस्ताला पोलीस येणार आहेत, वर्ग त्यांना द्यायचेत. बाकं हलवायची, खोल्या रिकाम्या करायच्या. मंगळू एकटा पुरणार नाही. तुमची उरलेली रजा मी कामाच्या निकडीमुळे रद्द करतोय. सोमवारपासून या."

"सर, सोमवारी चेहरा हाय."

"कोणाचा?"

"विषय हाय सर. चौथा आठवडा."

"बयाबाई, नियमात बसतंय ते मी केलंय."

ते नियमात बसत होतं. तेच तिला जास्त लागलं. पोलीस जुलैत येणार, बाकं जूनमध्येही हलली असती. एक ओळ खरी करून घेतली म्हणून चेहऱ्याचे सहा दिवस काढून घेतले. रोशनी तिचा दंड धरून हळूच म्हणाली, "चला आत्या, झालं ना आपलं." पण बयाबाई हलली नाही. तिने संतोषकडे हात केला.

"भाऊसाहेब, कोरा फॉर्म द्या."

संतोषने निमूट दिला. तिने त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर तो भरला. नाव, हुद्दा, रजेचे दिवस सहा, नऊ जूनपासून. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चेहरा शिकणे (राहिलेला)'. सगळा फॉर्म एकदा वरून खाली वाचला आणि सरांसमोर ठेवला.

सरांनी तो हातात घेतला नाही. "आणि हा मी नामंजूर केला तर?"

"तर तसं लिव्हा सर. खाली नामंजुरीच्या कारणाचा बी रकाना हाय."

सरांनी पाहिलं. रकाना होता. तिथे आजवर कोणी काही लिहिलं नव्हतं.

"ठेवा, बघू."

"थांबते सर," बयाबाई म्हणाली.

सरांनी दुसरी फाइल ओढली आणि वाचल्यासारखं करायला लागले. बयाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. उजेड खिडकीतून डाव्या बाजूने येत होता. चष्म्याच्या काडीची सावली कानापर्यंत गेली होती. नाकाच्या उजव्या बाजूला अंधार होता, वरच्या ओठाखाली आणखी गडद. रागात माणसाची हनुवटी आत जाते हे तिला आत्ता कळत होतं. सरांनी दोनदा वर पाहिलं, दोनदा खाली पाहिलं. तिने नजर काढली नाही. पस्तीस मिनिटं व्हायला अजून बराच अवकाश होता.